“दुखतंय का?” नको, “कसं दुखतंय?” विचारा : कॅन्सरच्या वेदना घरी सांभाळताना

माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो कंबरेच्या हाडांत उतरला होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभी हयात काढलेला माणूस. “दुखतंय का अण्णा?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “नाही गं, ठीक आहे.” ते उत्तर मी जवळजवळ दोन महिने खरं मानलं. एका रात्री पाणी प्यायला उठले तर अण्णा खाटेच्या कडेला दोन्ही हातांनी गादी आवळून बसलेले. कधीपासून बसलात? साडेबारापासून. तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते.

त्या दोन महिन्यांत मी काय काय केलं नाही, ते पुढे लिहिते आहे. तुमच्या घरात नुकतंच कुणाला कॅन्सरचं दुखणं सुरू झालं असेल, तर निदान तुमचे दोन महिने वाचावेत. मी डॉक्टर नाही. औषधाचं नाव आणि मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. पण घरच्यांनी जे पाहायचं, मोजायचं, विचारायचं आणि सांगायचं असतं, ते डॉक्टर घरी येऊन करू शकत नाहीत. ते काम आपलं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती मला कुणी वेळेवर सांगितली नाही. कॅन्सर बरा होवो न होवो, त्याचं दुखणं बहुतेक रुग्णांत आटोक्यात आणता येतं, आणि तेही बऱ्याचदा तोंडाने घ्यायच्या साध्या गोळ्यांनी. “कॅन्सर म्हटल्यावर दुखणारच” हे वाक्य घरात कुणी उच्चारलं तर त्याला तिथेच थांबवा. मग ती मोठी आत्या असो, शेजारी असो, नाहीतर खुद्द रुग्ण असो.

आधी एक वही घ्या

दोनशे पानी, साधी. मोबाइलवर लिहिणार असाल तरी वही ठेवाच, कारण रात्रपाळीला बसलेला भाऊ, सकाळी आलेली मावशी आणि तुम्ही, सगळ्यांना एकाच जागी लिहिता आलं पाहिजे. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी हव्यात: वेळ, कुठे दुखतंय, कसं दुखतंय, किती, आणि औषध दिल्यावर तासाभराने किती उरलं. आमच्या वहीतलं एक पान असं होतं (सोळा आणे म्हणजे सगळ्यात जास्त दुखणं, हा हिशेब पुढे सांगते):

“पहाटे ४. उजवी कंबर, मांडीपर्यंत. ठणका. बारा आणे. गोळी दिली. ५ वाजता सहा आणे. झोपले.”

यातला “कसं” हा रकाना सगळ्यात मोलाचा. आपण विचारतो “दुखतंय का?” आणि त्याला उत्तर मिळतं हो किंवा नाही. त्यातही जुन्या पिढीचं उत्तर नाहीच. “कसं दुखतंय?” विचारलं की माणसाला शब्द शोधावा लागतो, आणि मराठीत त्यासाठी शब्दांची ददात नाही. प्रत्येक शब्द डॉक्टरांना काहीतरी निराळं सांगतो.

ठणकतंय, ठसठसतंय, एका जागी बोट ठेवून दाखवता येतंय, हललं की वाढतंय आणि रात्री जास्त, असं असेल तर दुखणं हाडातलं असू शकतं, किंवा सूज आलेल्या गाठीचं. कळ येते, पिळवटून निघतं, मग थोडा वेळ बरं, मग पुन्हा कळ, हे आतड्याचं किंवा लघवीच्या मार्गाचं असू शकतं. तिथे पेटके सोडवणारी औषधं लागतात आणि नुसती पेनकिलर वाढवून भागत नाही. उजव्या बरगडीखाली दाटल्यासारखं, जड, ओढ लागल्यासारखं वाटणं हे यकृत फुगल्यामुळे असू शकतं. आणि आग होते, मुंग्या येतात, चमक जाते, करंट बसल्यासारखं होतं, पांघरुणाचा स्पर्शही नको वाटतो, ही सगळी नसांच्या दुखण्याची भाषा. नसांचं औषधच वेगळं, ते पुढे सांगते.

डॉक्टरांसमोर हे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवा. “पेशंटला सिव्हिअर पेन आहे” असं भाषांतर करू नका. त्या भाषांतरात नेमकं तेच गळून पडतं, ज्याच्यावरून औषध ठरायचं असतं.

किती दुखतंय, हे आण्यांत मोजा

दवाखान्यात शून्य ते दहा आकड्यांत विचारतात. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखणं कल्पनेतच नाही. तरुण माणसाला हे जमतं. अण्णा मात्र दर वेळी “पाच” म्हणायचे, कारण पाच हा कुणालाही न दुखावणारा आकडा. मग घरी आलेल्या नर्सताईंनी विचारलं, “काका, दुखणं सोळा आणे धरलं तर आत्ता किती?” अण्णा पटकन म्हणाले, “चौदा आणे.” दुसऱ्या दिवशी, “चार आणे उतरलं.” ज्यांनी आण्यांत हिशेब केलेला आहे त्यांच्यासाठी ही फूटपट्टी अगदी नेमकी चालते. लहान मुलांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवतात. ज्यांना बोलताच येत नाही, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कण्हणं, कूस बदलताना हात झटकणं आणि जेवण टाळणं बघायचं. आधी सगळ्यांशी बोलणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला, तर त्याला एकटेपणा हवाय असं समजण्याआधी दुखत नाही ना, ते पाहा.

दिवसातून दोनदा मोजा: एकदा शांत पडलेले असताना, एकदा हालचाल करताना. पडून तीन आणे आणि संडासला नेताना चौदा आणे, असं असेल तर सरासरी काढून उपयोग नाही. दोन्ही लिहा.

डॉक्टर कोण आणि कुठे

केमो, रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर गाठीवर लक्ष ठेवून असतात, आणि त्यांनी ते ठेवलंच पाहिजे. दुखण्यासाठी वेगळी माणसं असतात. पॅलिएटिव्ह केअर आणि पेन क्लिनिक अशा दोन पाट्या शोधा. पहिल्या पाटीची घरोघर धास्ती असते, “म्हणजे आता काही उरलं नाही” अशी. हा समज चुकीचा आहे. पॅलिएटिव्ह केअर निदान झाल्याच्या दिवसापासून, केमो चालू असतानाच घ्यायची असते. दुखणं, ओकाऱ्या, धाप, झोप, भीती हे सगळं तिच्या कक्षेत येतं, आणि ज्याचं दुखणं आटोक्यात असतं तो माणूस उपचारही जास्त चांगले सोसतो.

पुण्यात वारज्याला, मुंबई-बंगळूर महामार्गालगत, सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर १९९७ पासून चालू आहे. तिथे रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत आणि सोबत घरचं माणूस राहू शकतं. काही दिवस ठेवून घेऊन दुखणं, जखमा, औषधांच्या वेळा हे सगळं बसवून देतात आणि घरच्यांना शिकवून परत पाठवतात. मोठ्या रुग्णालयांत चौकशी करताना “तुमच्याकडे पॅलिएटिव्हचे डॉक्टर आहेत का, आणि तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं का?” असे दोन प्रश्न थेट विचारा. ज्यांचे उपचार मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये चालू आहेत, त्यांनी तिथल्या पॅलिएटिव्ह विभागातून पुण्यातल्या केंद्रासाठी चिठ्ठी मागून घ्यावी. केवळ गोळ्यांसाठी हाडं दुखत असताना एक्सप्रेसवेवरून जाऊन येणं टळतं.

गोळ्यांच्या पायऱ्या

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची पद्धत मांडली. खालच्या पायरीवर पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या, मधल्या पायरीवर ट्रॅमाडॉलसारखी सौम्य, आणि वरच्या पायरीवर मॉर्फिन. आज डॉक्टर प्रत्येक पायरीवर थांबतीलच असं नाही. दुखणं जोराचं असेल तर मधली पायरी सोडून थोड्या मात्रेत मॉर्फिनच सुरू करतात. पण त्या पद्धतीतले दोन नियम अजून तितकेच खरे आहेत: शक्यतो तोंडाने द्यायचं, आणि घड्याळावर द्यायचं.

घड्याळावर म्हणजे दुखो न दुखो, ठरलेल्या वेळी. हे घरच्यांच्या गळी उतरत नाही. “आत्ता बरं वाटतंय ना, मग कशाला उगाच गोळी?” असं माझी आईच म्हणायची. पण बरं वाटतंय ते सकाळच्या गोळीमुळे. तिचा अंमल उतरला की दुखणं परत वर येतं, आणि एकदा वर चढलेलं दुखणं खाली आणायला जास्त औषध आणि जास्त वेळ लागतो. दूध उतू जाण्याआधी गॅस बारीक करतो तसं हे आहे. अण्णांच्या मोबाइलमध्ये मी पाच गजर लावले होते, आणि आई त्यातला एकही चुकवू द्यायची नाही, तिला पटल्यानंतर.

खालच्या पायरीवरच्या गोळ्या ओळखीच्या असतात, म्हणून त्यांच्या बाबतीतच जास्त चुका होतात. पॅरासिटामॉल धडधाकट माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर द्यायचं नाही. वय झालेलं, वजन घटलेलं किंवा यकृताचा त्रास असलेलं माणूस असेल तर डॉक्टर त्याहून कमी ठरवतात. अडचण अशी की ते अनेक गोळ्यांत लपलेलं असतं. डोलो ६५० मध्ये ते आहे, कॉम्बिफ्लाममध्येही आहे, अल्ट्रासेटमध्ये ट्रॅमाडॉलबरोबर आहे, सर्दीच्या गोळीतही असतं. सगळ्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून वहीत बेरीज करा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या हाडाच्या दुखण्याला चांगल्या लागू पडतात, पण त्या पोट, मूत्रपिंड आणि रक्तस्राव या तिन्ही बाजूंनी त्रास देऊ शकतात. केमो चालू असेल तर त्या स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणून देऊच नका. उपाशीपोटीही नको. आमच्याकडे आषाढी एकादशीला अण्णांनी निर्जळी धरली आणि गोळी तेवढी घेतली. संध्याकाळी पोटात आगडोंब. उपवासाचा आग्रहच असेल तर औषधाच्या वेळी राजगिऱ्याचा लाडू आणि दूध पोटात जाऊ द्या.

मॉर्फिनबद्दल, सविस्तर

हे नाव निघालं की घरात शांतता पसरते. “मॉर्फिन चालू केलं म्हणजे संपलं”, “सवय लागेल”, “शुद्ध राहणार नाही”, ही तिन्ही वाक्यं मी ऐकली आहेत आणि पहिलं तर मी स्वतः म्हटलं आहे. अण्णा मॉर्फिन सुरू झाल्यावर चौदा महिने जगले. त्यातल्या कित्येक महिन्यांत ते रोज सकाळी गॅलरीत बसून पेपर वाचत होते.

सवयीबद्दल: दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची भीती कमी असते. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, म्हणून ते एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर हळूहळू उतरवतात. रेडिएशनने दुखणं कमी झालं तर मात्रा कमी होते, बंदही होते. मात्रा वाढवावी लागली तर त्याचं कारण बहुतेक वेळा दुखणं वाढलं हे असतं. मॉर्फिनला पॅरासिटामॉलसारखी एक ठरावीक कमाल मर्यादा नसते. ज्याला जेवढं लागतं तेवढं, पावलापावलाने वाढवत, डॉक्टरांनी ठरवायचं.

साधी मॉर्फिनची गोळी अर्ध्या तासाच्या आसपास लागू होते आणि साधारण चार तास टिकते. म्हणून ती दर चार तासांनी देतात. आमच्या वेळा होत्या सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री दहाची मात्रा डॉक्टरांनी दुप्पट लिहून दिली होती, म्हणजे दोन वाजता उठवायला लागू नये. हे डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच करायचं. बारा तास टिकणाऱ्या गोळ्याही येतात. त्या अख्ख्या गिळायच्या. तोडून, कुटून, दुधात विरघळवून दिल्या तर बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं आणि ते जीवावर बेतू शकतं. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरा प्रकार देतात.

ठरलेल्या वेळांच्या मध्येच दुखणं उसळलं तर काय? त्यासाठी जादा डोस लिहून घ्या, पहिल्याच दिवशी. तो साधारणपणे दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिश्शाइतका असतो. म्हणजे दिवसभरात ६० मिलिग्रॅम जात असेल तर जादा डोस १० मिलिग्रॅम. तो किती वेळाने पुन्हा देता येतो, दिवसातून किती वेळा, हे चिठ्ठीवरच लिहून घ्या. जादा डोस दिला म्हणून पुढची ठरलेली गोळी चुकवायची नाही. आणि दिवसातून तीन-चारदा जादा डोस लागायला लागला, तर मूळ मात्रा कमी पडते आहे. वही घ्या आणि फोन करा.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस ते पेंगुळतील. घाबरू नका, त्यात कित्येक रात्रींची राहिलेली झोपही असते. याच दिवसांत मळमळ होते, तिच्यासाठी गोळी मिळते, आणि आठवड्याभरात ती बहुधा जाते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिन अंगात साठतं, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना न विसरता दाखवा. अशा वेळी किंवा तोंडाने काही घेता येत नसेल तर फेंटानिलची पट्टी लावतात. ती ७२ तास, म्हणजे तीन दिवस चालते, पण पहिल्यांदा लावल्यावर पूर्ण लागू व्हायला बारा ते चोवीस तास घेते, म्हणून मधल्या वेळेसाठी दुसरं औषध लागतं. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, आणि ताप चढला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. उष्णतेने औषध वेगाने अंगात जातं.

हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, याला कारण आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायचे की कित्येक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच राज्यस्तरीय यंत्रणेच्या मंजुरीने ते ठेवता येऊ लागलं. त्यामुळे गोळ्या अशा संस्थेतूनच घ्याव्या लागतात. जाताना फाइल, मूळ चिठ्ठी, रुग्णाचं आणि नेणाऱ्याचं ओळखपत्र, आणि वही न्या. दर वेळी रुग्णाला आणावं लागेल का, हे पहिल्या भेटीतच विचारा. गोळ्या संपायला पाच दिवस उरले की पुढच्या आणायच्या. गणपतीत हे दहा दिवस आधीच करा. पेठांत राहत असाल तर अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता बंद असतात, आणि ढोल-ताशांत गाडी दारापर्यंत येत नाही. आम्ही तेव्हा दापोडीत होतो म्हणून निभावलं.

पोट साफ होतंय ना?

मॉर्फिनची मळमळ जाते, पेंग जाते, बद्धकोष्ठता जात नाही. औषध चालू असेपर्यंत ती राहते. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच रोजचं रेचक सुरू व्हायला हवं. आम्हाला ज्या दवाखान्यातून पहिल्यांदा गोळ्या मिळाल्या तिथे कुणी हे सांगितलं नाही. सहा दिवस अण्णांना संडासला झाली नाही. सहाव्या दिवशी जे दुखणं होतं ते कॅन्सरच्या दुखण्यापेक्षा भयंकर होतं, आणि आम्हाला वाटलं आजार पोटात पसरला.

चिठ्ठीत बिसाकोडिल, सेना, लॅक्ट्युलोज यांपैकी काही नसेल तर विचारा, “रेचक कुठे आहे?” इसबगोलावर विसंबू नका. ज्याला पाणी भरपूर पिता येत नाही आणि आतडं मंद झालं आहे, त्याच्या पोटात तो आणखी गच्च बसू शकतो. पपई, मनुका, कोमट पाणी हे सोबत चालेल, औषधाऐवजी नाही. वहीत रोज एक खूण हवी, झाली की नाही. तीन दिवस झाली नाही तर थांबू नका, फोन करा. पोट फुगलंय, ओकाऱ्या होताहेत आणि वाराही सरत नाही, असं असेल तर घरी जुलाबाचं औषध देऊ नका, थेट दवाखान्यात.

नसांचं आणि हाडांचं दुखणं

आग, मुंग्या, करंट असं दुखणं असेल तर डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अॅमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन यांतलं काही लिहितात. मेडिकलवाला किंवा इंटरनेट सांगतं की हे फिट्सचं किंवा नैराश्याचं औषध आहे, आणि घरचे ते बंद करतात. बंद करू नका. हीच औषधं नसांच्या दुखण्यावर चालतात. लागू व्हायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन यांसारख्या केमोच्या औषधांनीही हातापायांना अशा मुंग्या येतात. त्या केमोच्या डॉक्टरांनाही सांगा, कारण मात्रा बदलायची का ते त्यांना ठरवायचं असतं. बधिर झालेल्या पायांना गरम पाण्याचा शेक देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

हाडातल्या दुखण्याला रेडिएशन फार चांगलं लागू पडतं, कित्येकदा एकाच बैठकीत. पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं आणि आराम यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून त्या काळात गोळ्या चालूच ठेवायच्या. अण्णांच्या कंबरेला एकच बैठक दिली होती. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःहून म्हणाले, “चार आणेच राहिलंय.” स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पाठीतून आरपार जाणाऱ्या दुखण्यावर नसांचा ब्लॉक देतात, म्हणजे इंजेक्शनने त्या नसांतून येणारं दुखणं अडवतात, त्याबद्दल पेन क्लिनिकमध्ये विचारा.

तोंड आलं असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या, जेवणाआधी तोंड बधिर करणारं जेल, आणि जेवण म्हणजे गार ताक-भात किंवा पातळ मुगाची खिचडी. उघडी जखम असेल तर चिकटलेली पट्टी ओढून काढू नका, सलाइनने पूर्ण भिजू द्या. वास येत असेल तर मेट्रोनिडाझोलने तो कमी होतो. वासाची लाज वाटून माणसं खोलीबाहेर येत नाहीत, म्हणून हे नक्की विचारा.

हालचालीच्या अर्धा तास आधी

अंघोळ, ड्रेसिंग, दवाखान्याची फेरी, यांच्या अर्धा-पाऊण तास आधी जादा डोस द्यावा का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. आमच्या घरात याने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. रिक्षापेक्षा गाडी बरी, पुढची सीट मागे पाडून. कंबरेखाली एक आणि गुडघ्यांखाली एक उशी. ड्रायव्हरला निघतानाच सांगा की प्रत्येक स्पीडब्रेकर रांगत ओलांडायचा आहे. कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी, आणि कूस बदलायला दोन माणसं. ज्या हाडात आजार आहे तिथे मालीश नको, चोळणारा हात कितीही प्रेमाचा असला तरी.

वाट पाहायची नाही अशा वेळा

पाठीचं दुखणं अचानक वाढलं, आडवं झालं की जास्त होतंय, पायांतली ताकद जातेय, पाय बधिर पडताहेत, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय: मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. उद्या सकाळची अपॉइंटमेंट नको, त्याच तासाला निघायचं. उशीर झाला तर पाय परत येत नाहीत. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, काळी संडास, जोराच्या डोकेदुखीबरोबर ओकाऱ्या, किंवा किरकोळ हालचालीनंतर हाडात कडकन आवाज होऊन वेदना, यालाही तोच नियम. मॉर्फिनवर असलेला माणूस हाक मारून, हलवून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठापेक्षा कमी झाला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पुढची गोळी द्यायची नाही आणि लगेच १०८ ला फोन करायचा. पाकीट आणि वही बरोबर न्यायची.

जे गोळीने उतरत नाही

एक महिना असा गेला की मात्रा वाढवूनही अण्णांचं दुखणं बारा आण्यांखाली येईना. वहीत पाहिलं तर उसळी रोज रात्री आठच्या सुमारास. त्या वेळी धाकटा भाऊ कामावरून यायचा आणि हॉलमध्ये खर्चाचं बोलणं निघायचं. आवाज हळू, पण दार उघडं. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, उभं करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी “संपूर्ण वेदना” असं म्हटलं होतं. शरीराचं दुखणं, मनाचं, माणसांमधलं आणि देवाशी असलेलं, सगळं एकत्र. मला तो शब्द नंतर कळला, अर्थ त्या महिन्यात कळला. आम्ही अण्णांना बोलण्यात घेतलं. पैसे किती लागले, कुठून आणले, हे त्यांना सांगितलं. त्यांनी पासबुक मागून घेतलं, एक मुदतठेव मोडायला सही केली, आणि त्या आठवड्यात रात्रीचा जादा डोस लागला नाही. गोळ्या तेवढ्याच होत्या.

“हे माझे भोग आहेत” असं ते म्हणाले तर वाद घालू नका. आमच्या नर्सताई म्हणाल्या होत्या, “भोग असतील काका, पण गोळी घेऊन हरिपाठ नीट म्हणता येईल का बघा.” त्यांना ते पटलं.

आणि रात्री कोण जागणार, याची पाळी लावा. सलग चौथी रात्र जागलेल्या माणसाच्या हातून मात्रेची चूक होते. माझ्याकडून झाली होती. सहाची गोळी दिली आणि साडेसहाला पुन्हा दिली, कारण वहीत लिहायची राहिली होती. त्या रात्री डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी दर पंधरा मिनिटांनी त्यांचे श्वास मोजत बसले. त्यानंतर आमचा नियम झाला: आधी लिहायचं, मग पाकीट उघडायचं.

उरलेल्या गोळ्या

मॉर्फिन कुलपात ठेवा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, आणि किल्ली दोघांकडेच. फेंटानिलच्या वापरलेल्या पट्टीतही औषध उरलेलं असतं. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि टाकायची कशी ते केंद्रात विचारून घ्या. ओळखीतल्या दुसऱ्या रुग्णाला आपल्या गोळ्या देऊ नका, त्याची मात्रा वेगळी असते. औषध बंद झालं, किंवा माणूस गेला, की उरलेल्या गोळ्या जिथून घेतल्या तिथे परत न्या. अण्णांच्या बावीस उरल्या होत्या. मी तेराव्यानंतर नेऊन दिल्या. तिथल्या ताईंनी समोर मोजल्या, रजिस्टरमध्ये आकडा लिहिला, खाली माझी सही घेतली.